उघडता येणारा सांधा

मावळातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, मग ते लोणावळ्याच्या बाजारातलं असो की वडगाव-कामशेतचं, सुतार काउंटरवर येतो आणि म्हणतो, “पस्तीस-आठ द्या, सीएसके.” या दोन आकड्यांत दोन मापपद्धती शेजारी शेजारी नांदतात. पस्तीस ही स्क्रूची लांबी, मिलिमीटरमध्ये. आठ हा जाडीचा नंबर, आणि तो मिलिमीटरही नाही, सूतही नाही. ब्रिटिश कारखान्यांनी ठरवलेल्या एका जुन्या क्रमातला तो आकडा आहे. शून्य नंबरचा स्क्रू ०.०६० इंच जाड आणि पुढच्या प्रत्येक नंबराला ०.०१३ इंचाची भर. या हिशेबाने आठ नंबर ०.१६४ इंच भरतो, म्हणजे जवळपास ४.२ मिलिमीटर. सहा नंबर ३.५ मिलिमीटर, दहा नंबर ४.८. सीएसके म्हणजे काउंटरसंक, ज्याचं डोकं लाकडाच्या पृष्ठभागाशी सपाट बसतं तो. देशात मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, लांबी बदलली, पण जाडी अजून नंबरातच मागितली जाते. नंबर कुठून आला हे ठाऊक नसलेला माणूसही तो अचूक वापरतो. अडचण येते ती नंबर माहीत असून तो कशासाठी निवडायचा हे कुणी शिकवलेलं नसतं तेव्हा.

स्क्रू घेताना बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो लांबीचा. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. त्याआधी विचारायला हवं की हा सांधा पुढे कधी कुणाला उघडावा लागणार आहे का, आणि हे लाकूड पावसाळ्यात कुठे असणार आहे. खिळा ठोकला की तो लाकूड न दुखावता निघत नाही. सरस किंवा फेविकॉल लावून बसवलेला सांधा तर उघडायचा नसतोच. स्क्रू तेवढा आला तसा परत जातो. बिजागरी, कडी, कुलूप, टेबलाचा माथा, पलंगाची बाजूपट्टी, व्हरांड्याच्या कठड्याची फळी या सगळ्या कधी ना कधी काढाव्या लागणाऱ्या वस्तू आहेत. म्हणून त्यांना स्क्रू लागतो, आणि तो वीस वर्षांनीही फिरेल असाच लागतो. हे पुस्तक त्या एका अपेक्षेभोवती लिहिलं आहे. लोणावळ्याच्या पावसात ही अपेक्षा पुरी करणं सोपं नाही, म्हणून ते मावळासाठी लिहिलं आहे.

आपल्या सुतारकामात स्क्रू उशिरा आला. जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागऱ्या नसत. दाराच्या एका बाजूच्या उभ्या लाकडाला वर आणि खाली गोल खुंट ठेवलेले असत, ते उंबरठ्यातल्या आणि वरच्या पट्टीतल्या भोकांत फिरत. दार फिरायला लोखंडाचा एक तुकडाही लागत नसे. तुळई खांबावर बसे ती कुसवाने, आणि कुसू हलू नये म्हणून पाचर किंवा लाकडी खुंटी. युरोपातही लाकडी स्क्रूची खरी गरज निर्माण केली ती पट्टीच्या बिजागरीने. अशी बिजागरी दाराच्या अरुंद कडेवर बसते. तिथे खिळा मारून पलीकडून वळवता येत नाही, आणि साधा खिळा दाराच्या रोजच्या हेलकाव्याने सैल होतो. इंग्लंडात जॉब आणि विल्यम वायट या भावांनी १७६० साली स्क्रूचे आटे यंत्रावर कापण्याचं पेटंट घेतलं, आणि तोवर कानस घेऊन एकेक घडवावी लागणारी ही वस्तू स्वस्त होऊ लागली.

मात्र त्या स्क्रूंना टोक नव्हतं. पुढून ते बोथट, जणू कापून टाकल्यासारखे. त्यामुळे स्क्रूच्या पूर्ण लांबीइतकं भोक आधी गिरमिटाने पाडावंच लागे. स्वतः वाट काढत आत शिरणारा टोकदार स्क्रू यंत्रावर बनवण्याची युक्ती अमेरिकेत १८४०च्या दशकात जमली. तिचे ब्रिटनमधले हक्क घेऊन बर्मिंगहॅमजवळ नेटलफोल्ड आणि चेंबरलेन या नातेवाइकांनी १८५४मध्ये मोठा कारखाना उभा केला. त्यांच्यातला हिशेब सांभाळायला आलेला अठरा वर्षांचा जोसेफ चेंबरलेन पुढे ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला. याच कुळातून वाढलेल्या उद्योगाची हिंदुस्थानातली शाखा म्हणजे गेस्ट कीन विल्यम्स, आपल्या सुतारांच्या तोंडचं जीकेडब्ल्यू. आता सालं जुळवून पाहा. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली १८५८ला, बोरघाटाचा चढ पुरा होऊन मुंबईचा रस्ता जोडला गेला १८६३ला. लोणावळा-खंडाळ्याचे बंगले उभे राहिले ते या रुळांमागोमाग. म्हणजे टोकदार स्क्रू आणि लोणावळा हे गिरिस्थान एकाच पिढीतले आहेत. इथल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या दाराची मूळ बिजागरी सोडवलीत तर निघणारा स्क्रू बहुधा टोकदार असेल, डोक्यावर एकच सरळ खाच असेल, आणि दांड्याचा वरचा तिसरा हिस्सा गुळगुळीत असेल. तो जपून ठेवावा. त्याची घडण आजही बरोबर आहे, आणि ती का बरोबर आहे हे पुढे येईलच.

रेल्वेने आणखी एक स्क्रू या घाटात आणला. लाकडी स्लीपरवर रूळ धरून ठेवणारा, जाड दांड्याचा, चौकोनी डोक्याचा, पान्याने फिरवायचा. त्याचा भाऊबंद आज आपण कोच स्क्रू म्हणून पेर्गोल्याला किंवा जड झोपाळ्याला लावतो. (भंगारातून आलेल्या जुन्या स्लीपरचे बाक करण्याची हौस अलीकडे दिसते. ते स्लीपर टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं. असं लाकूड घरात, अंगाला लागेल तिथे वापरू नये.)

आणि तरी, मावळातलं सर्वांत जुनं सुतारकाम स्क्रूच्याही आधीचं आहे, खिळ्यांवर न विसंबणारं आहे, आणि ते अजून जागेवर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानींची रांग आहे, स्तूपावर लाकडी छत्र आहे. भाज्याच्या चैत्यगृहात इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या लाकडी कमानी आहेत. त्यांवरची ब्राह्मी अक्षरं १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी उजेडात आणली. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकटाच्या सामि नावाच्या एका सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दर्शनी दाराचं काम केल्याची नोंद आहे. व्यापाऱ्यांच्या आणि यवनांच्या दानांबरोबर एका सुताराचं नाव दगडात कोरलं जावं, याचा मला फार आनंद वाटतो. हे लाकूड दोन हजार वर्षं का टिकलं? लाकूड चांगलं निवडलं होतं हे खरंच. पण त्याहून मोठं कारण असं की त्याच्यावर डोंगर आहे. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी त्या कमानींवर पाणी पडत नाही आणि गुहेतली हवा एकदम बदलत नाही. स्क्रूचं पुस्तक लिहिताना मी या दोन लेण्यांकडे पुन्हा पुन्हा वळतो ते यासाठी की आधी पाणी अडवायचं आणि मग सांधा निवडायचा, हा क्रम तिथे उघड दिसतो. पागोळीखालच्या फळीला कितीही महागडा स्क्रू लावला तरी पागोळी तिचं काम करतच राहते.

स्क्रू लाकूड धरतो कसा, हे नीट पाहिलं तर निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. खालच्या लाकडात आटे रुततात, डोकं वरच्या लाकडाला दाबतं, आणि या दोघांमध्ये दांडा ताणला जातो. सांध्याची ताकद म्हणजे हा ताण. वरच्या फळीत आट्यांनी काही धरायचंच नसतं. तिथे दांडा मोकळा फिरायला हवा. जुन्या स्क्रूचा वरचा तिसरा हिस्सा गुळगुळीत असतो तो याच कारणाने. डोक्यापर्यंत आटे असलेला आजचा स्क्रू सरळ दोन फळ्यांत घुसवला तर तो दोन्ही फळ्यांना पकडतो, आणि मधे राहिलेली फट तशीच कायम होते. कितीही पिळा, ती मिटत नाही. उपाय सोपा: वरच्या फळीत दांड्याइतकं मोकळं भोक, आठ नंबरला साडेचार मिलिमीटर, आणि खालच्या लाकडात आट्यांच्या आतल्या गाभ्याहून किंचित बारीक भोक. सागवान, शिसव, बाभूळ यांत आठ नंबरला अडीच ते तीन मिलिमीटर, पाइनसारख्या मऊ लाकडात दोन ते अडीच. भोकाची खोली स्क्रू जितका आत जाणार तितकी. फळीच्या टोकाजवळ तर हे भोक सोडूच नये, नाहीतर लाकूड उभं चिरतं आणि ती चीर फेविकॉलने बुजत नाही.

इथे मला एका सवयीबद्दल तळमळीने लिहायचं आहे. आपल्याकडे बहुतेक कामांवर स्क्रू आधी हातोडीने अर्धा ठोकतात आणि मग दोन-चार फेरे डिसमिसने देतात. वेळ वाचतो, हे खरं. पण ठोकलेला स्क्रू आत जाताना आट्यांच्या धारांनी भोवतीचे तंतू फाडत जातो. जे तंतू आट्यांच्या खोबणीत बसून धरायला हवे होते त्यांचा भुसा झालेला असतो. शेवटच्या दोन फेऱ्यांत हाताला घट्ट लागतं म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात धरलेलं असतं ते फक्त टोकाजवळच्या एक-दोन आट्यांनी. असा स्क्रू खिळ्याहून वाईट, कारण खिळ्याभोवतीचे तंतू निदान वाकून त्याला आवळतात. दारं लोंबकळतात, कड्या हातात येतात, कपाटाच्या झडपा घासतात आणि दोष लाकडाला दिला जातो. बॅटरीवर चालणारा ड्रिल आता गावोगाव पोहोचला आहे, तीन मिलिमीटरचं बिट चहाच्या पैशांत येतं. ठोकून वेळ वाचवण्याचं जे जुनं कारण होतं ते आता उरलेलं नाही.

लाकडाची घनता हा दुसरा मोठा हिशेब. स्क्रू उपसून काढायला लागणारं बळ लाकडाच्या विशिष्ट गुरुत्वाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि जाडी व रुतलेली लांबी यांच्या सरळ प्रमाणात. म्हणजे ०.४५ घनतेच्या पाइनमधून ०.६५ घनतेच्या चांगल्या सागवानात आलात तर तोच स्क्रू दुपटीने धरतो. मऊ लाकडात ही तूट भरून काढायची तर लांबी वाढवावी. नुसती जाडी वाढवली तर लाकूड फाटण्याचा धोका वाढतो. लांबीचा सुतारांचा जुना अंदाज चांगला आहे: पातळ लाकडातून जाडात जावं, आणि दोन तृतीयांश स्क्रू खालच्या लाकडात असावा. फळीच्या कापलेल्या टोकात, जिथे तंतू समोरून दिसतात, तिथे पकड कमी मिळते; चांगल्या परिस्थितीतही ती आडव्या तंतूंतल्या पकडीच्या पाऊणपट. अशा जागी स्क्रू घालावाच लागला तर लांब घालावा, किंवा आडवी लाकडी खुंटी बसवून स्क्रू तिच्यात रुतवावा. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून किंवा पाडलेल्या घरांतून आणलेलं जुनं सागवान वापरत असाल तर रंधा किंवा ड्रिल लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावा. आत मोडून राहिलेले खिळे तो दाखवतो.

आता पाऊस. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर लोणावळ्यात चार हजारांवर. मधला वडगाव-तळेगावचा पट्टा या दोन्हींच्या दरम्यान. पुण्यात मे महिन्यात बनवलेलं कपाट टेंपोतून घाटमाथ्यावर येतं तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते लाकडाच्या भाषेत सांगायचं तर असं: कोरड्या उन्हाळी हवेत लाकडातला ओलावा सात-आठ टक्क्यांवर स्थिरावतो, जुलै-ऑगस्टमध्ये दमट धुक्यात आणि बंद खोल्यांत तो अठरा-वीस टक्क्यांकडे चढतो. सुट्टीपुरते उघडणारे बंगले या दिवसांत आठवडेच्या आठवडे बंद असतात, त्यामुळे आतली हवा बाहेरइतकीच ओली, वर कोंदट. ओलावा दहा टक्के वाढला की आडव्या कापाची तीनशे मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी पाच-सहा मिलिमीटरने रुंदावते, उभ्या कापाची अडीच मिलिमीटरने. लांबी जवळपास तशीच राहते. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. आंबा याहून जास्त हलतो. पॉलिशने वेग कमी होतो, हालचाल थांबत नाही. भारतीय मानकांत आयएस २८७ या क्रमांकाखाली देशाचे हवेच्या दमटपणाप्रमाणे विभाग पाडून कुठल्या कामाला लाकडात किती ओलावा चालेल ते सांगितलं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर काम करणाऱ्याने ते एकदा पाहून ठेवावं.

या हालचालीपुढे स्क्रू हरतो, आणि हरताना लाकूड फाडतो. पाऊण मीटर रुंद टेबलाचा माथा चौकटीला चारी बाजूंनी घट्ट स्क्रूने आवळला तर पावसाळ्यात त्याला एक सेंटिमीटरहून जास्त पसरायचं असतं आणि जागा मिळत नाही. तो मधून फुगतो. दिवाळीनंतर आकसताना मधून चिरतो. म्हणून माथ्याला आडव्या दिशेचं लांबट भोक द्यायचं, खाली वायसर घालायचा, आणि स्क्रू सरकेल इतकाच आवळायचा. मधल्या ओळीतला स्क्रू पक्का, कडेचे सरकते. रुंद फळ्यांच्या दाराला मागून लावलेल्या आडव्या पट्ट्यांनाही हाच न्याय. दुसरं नुकसान डोक्याखाली होतं. फुगलेलं लाकूड डोक्याखाली दबतं, तिथले तंतू चेपतात आणि कोरडं झाल्यावर मूळ जाडीवर परत येत नाहीत. डिसेंबरात स्क्रू सैल वाटतो तो फिरून बाहेर आलेला नसतो; त्याच्याखालचं लाकूड खाली गेलेलं असतं. नव्या कामाचे स्क्रू पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा हाताने, डिसमिसने, अर्धा-पाव फेरा आवळून घ्यावेत. आणि जुलैत घासणारं दार जुलैत रंधू नये. तेव्हा काढलेला छिलका जानेवारीत बोटभर फट होऊन समोर येतो. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा, ज्यांना पॉलिश लावायला सगळे विसरतात, त्या आधी बंद कराव्यात. ओलावा सर्वांत वेगाने तिथूनच शिरतो.

धातूच्या निवडीत मी हट्टी आहे. साधा लोखंडी स्क्रू लोणावळ्याला, आतल्या कोरड्या कपाटाखेरीज, कुठेच वापरू नये. ओल्या लाकडात लोखंड गंजतं एवढंच ते नाही. गंजणारं लोखंड भोवतीचं लाकूडही खातं. जुन्या खिडकीच्या चौकटीत स्क्रूभोवती काळं, भुसभुशीत कडं दिसतं, बोटाने उकरलं तर पीठ पडतं. ते लोखंडामुळे कुजलेले तंतू असतात, आणि त्यांच्यात नवा स्क्रू धरत नाही. खैर, बाभूळ यांसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात तर काळा डाग लगेच उमटतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई तयार होते. इथे घडतं ते तेच, लाकडाच्या अंगावर. जस्ताचा पातळ मुलामा दिलेला पिवळा किंवा पांढरा स्क्रू घरात चालतो, पण डिसमिस घसरला की खाचेतला मुलामा निघतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. व्हरांडा, खिडक्या, बाथरूमचं दार, कठडे, फाटक यांना ३०४ प्रतीचं स्टेनलेस घ्यावं. ३१६ची गरज समुद्राच्या खाऱ्या हवेला असते. अलिबागला, रत्नागिरीला जरूर घ्या. घाटावर तो जादा खर्च नको. स्टेनलेस म्हणून विकला जाणारा प्रत्येक स्क्रू ३०४ नसतो. लोहचुंबकाला जोराने चिकटणारा स्क्रू बाजूला ठेवावा. किंचित ओढला जाणारा मात्र चांगलाही असू शकतो, कारण डोकं घडवताना त्या धातूत थोडं चुंबकत्व येतं.

पितळ सुंदर आणि मऊ. कडक सागवानात पितळी स्क्रू सरळ पिळला तर मान तुटते आणि अर्धा आत राहतो. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा, मग पितळी हाताने बसवावा. आटे मेणबत्तीवर घासून घ्यावेत. साबण लावण्याची पद्धत आहे, पण साबण ओलावा धरतो, मेण बरं. आणि पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू कधी लावू नयेत. दोन धातू आणि मधे पाणी आलं की कमकुवत धातू झिजतो, आणि इथे तो नेमका लहानसा स्क्रू असतो, मोठ्या पितळी पट्टीपुढे एकटा पडलेला. बिजागरी चकचकीत राहते, दार खाली येतं.

काळ्या स्क्रूंचं वेगळं सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत त्यांनी कामं व्यापली आहेत. ते मुळात जिप्समच्या पडद्या बसवण्यासाठी केलेले आहेत. टोक तीक्ष्ण, आटे धारदार, ड्रिलवर सरळ घुसतात, स्वस्त मिळतात. सुताराला आवडणं साहजिक आहे. पण पोलाद कडक करून ठिसूळ झालेलं असतं. फळी थोडी हलली की ते वाकत नाहीत, तुटतात. काळा थर कोरड्या खोलीपुरता असतो. घाटातल्या एका पावसाळ्यात तांबडा होतो. कामाच्या वेळी तात्पुरतं धरून ठेवायला ते उत्तम. दाराच्या बिजागरीत, पलंगात, झोपाळ्यात, माणसाचं वजन येईल अशा कुठल्याही जागी ते नसावेत.

प्लायवूडबद्दल थोडक्यात. तोंडावर, म्हणजे सपाट बाजूवर, त्यात स्क्रू चांगला धरतो. कडेत घातला तर थर सुटतात, म्हणून तिथे बारीक स्क्रू, आधी भोक, आणि शक्य असेल तर आतून कोपऱ्यात लाकडी पट्टी. लोणावळ्याच्या स्वयंपाकघराला आयएस ७१० प्रतीचं प्लायवूड घ्यावं. पार्टिकल बोर्डाला मी घाटमाथ्यावर जागाच देत नाही. एकदा ओल शिरली की तो फुगतो, आणि फुगलेल्या भुशात कुठलाही आटा धरत नाही.

डोक्यावरच्या खाचेचा इतिहास मजेदार आहे, आणि विटोल्ड रिबचिन्स्की या वास्तुतज्ज्ञाने २००० साली स्क्रू आणि डिसमिस यांवर लिहिलेलं छोटं पुस्तक त्यासाठी वाचण्याजोगं आहे. आपल्या कामापुरतं एवढं पुरे: फुलीची खाच अमेरिकेत १९३०च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांसाठी पुढे आली, यंत्राने पटापट बसवता यावं म्हणून. सहा आणि आठ नंबरला दोन नंबरचं फुलीचं बिट लागतं. झिजलेलं बिट वापरून खाच गोल करून ठेवणं म्हणजे पुढे तो सांधा उघडणाऱ्याची वाट बंद करणं. बिट स्वस्त आहे, वेळेवर बदलावं. ड्रिलवरच्या आकड्यांच्या कड्याकडे बरेच जण पाहतही नाहीत. तो क्लच आहे. ठरावीक जोर आला की तो सुटतो. लहान आकड्यापासून सुरुवात करून डोकं नेमकं सपाट बसेल तिथे थांबावं. मऊ लाकडात आणि एमडीएफमध्ये शेवटचा फेरा नेहमी हाताने द्यावा.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण दुरुस्तीचं आहे, आणि ते तसं असणं मला योग्य वाटतं. मावळातल्या घरांत नवं फर्निचर जितकं बनतं त्याहून जुनं सैल झालेलं जास्त आहे. सर्वांत नेहमीचं दुखणं म्हणजे दाराची वरची बिजागरी. सात फूट बाय तीन फूट, तीस मिलिमीटर जाडीचं सागवानी दार अडतीस किलोच्या आसपास भरतं, पावसाळ्यात त्यात तीन-चार किलो पाण्याची भर पडते. हे वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढतं, खालच्या बिजागरीला आत दाबतं. म्हणून सैल होते ती नेहमी वरची. भोकात आगपेटीच्या काड्या कोंबून तोच स्क्रू पुन्हा पिळणं हा आठवडाभराचा इलाज. पक्कं काम करायचं तर जुनं भोक दहा मिलिमीटरपर्यंत मोठं आणि स्वच्छ करावं, त्यात त्याच जातीच्या लाकडाची खुंटी फेविकॉल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, छिलून सपाट करावी आणि नवं बारीक भोक पाडून आधीच्यापेक्षा लांब स्क्रू घालावा. पस्तीसच्या जागी पन्नास-आठ, स्टेनलेस. खुंटीचे तंतू चौकटीच्या तंतूंच्या दिशेने ठेवले तर पकड सर्वांत चांगली मिळते. बाजारातली गोल डॉवेल वापरली तर स्क्रू तिच्या टोकात जातो आणि पकड घटते. ही गोष्ट चित्रांसह सविस्तर दिली आहे, कारण एवढी एक दुरुस्ती जमली तरी घरातली अर्धी दारं सरळ होतात.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल, फक्त पहिलं प्रकरण वगळू नये. त्यात वाचायचं कमी आणि करायचं जास्त आहे. एकाच जाडीच्या सागवानात आणि पाइनमध्ये काही स्क्रू भोक पाडून घालायचे, काही हातोडीने ठोकून, आणि मग सगळे पक्कडीने उपसून पाहायचे. फरक हाताला कळतो, आणि एकदा हाताला कळला की पुढची पानं पटापट वाचून होतात. त्यासाठी जवळ असावं: सागवानाचा आणि पाइनचा एकेक वीतभर तुकडा, पस्तीस-आठचे डझनभर स्क्रू, दोन, अडीच, तीन आणि साडेचार मिलिमीटरची बिटं, हातोडी, पक्कड, डिसमिस आणि एक मेणबत्ती.